कंडम

आमच्याकडे 'कंडम' हा शब्द फार चालतो. चाक वाकडं झालेली सायकल कंडम, गळकी टाकी कंडम, चार्जिंग न टिकणारा मोबाईल कंडम. दोनदा मोडलेली सोयरीकही कंडम. मी घरातली पहिली बी.ए. कॉलेजात डिक्शनरी उघडली तेव्हा कळलं, मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ दोषी ठरवणे, शिक्षा सुनावणे. सरकारी माणूस इमारत वापराबाहेर काढतो, त्यालाही तोच शब्द. शाळेची खोली पाडायची ठरली तेव्हा तिच्या भिंतीवर तसं लिहिलं होतं. गावाने त्यातली शिक्षा सोडून दिली, मोडकेपण ठेवलं.

मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याला तो शब्द आईच्या वाट्याला आला.

मी शाळेत होते तेव्हापासून आई बायांच्या एकाच टोळीत धान रोवते. टोळी काम गुत्त्याने, म्हणजे एकरामागे ठरलेल्या पैशांत घेते आणि मिळालेले पैसे सगळ्या सारखे वाटून घेतात. एक बाई मागे पडली की तिच्या वाट्याचंही बाकीच्यांना रोवावं लागतं. आईचा गुडघा तर वाकतच नव्हता.

सकाळी चौकात पिकअप आली. आईने एक पाय वर ठेवला, दुसरा उचलेना. माझी चुलत वहिनी त्याच टोळीत आहे. ती वरून म्हणाली, "काकी, तू आता कंडम झाली. घरी राय ना, कायले येऊन रायली?"

बाया हसल्या. मला राग आला, आणि बरंही वाटलं. मी म्हटलं, चल घरी, मला नोकरी आहे, तुला रोवायची काही गरज नाही. बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

"तुया आफिसात मी तुले उठवाले येतो का?" आई म्हणाली. "मंग मले टोळीतून काऊन उठवून रायली?" मग तिने वर पाहिलं. "वाटा अर्धा द्या. पन गाडीत जागा पुरी पायजे."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. शेवटी वहिनीनेच दोन्ही हात खाली केले.

"मंग पऱ्हे उपटाले बस. आन बसल्या बसल्या आमाले शिव्या देऊ नको."

रोपं उपटून जुड्या बांधायचं काम बसून होतं. आई म्हणाली, शिव्यांचं काही सांगता येत नाही. मी खालून तिला उचललं, वहिनीने वर ओढलं. गाडी हलली तेव्हा आई वहिनीला चिकटून बसली होती आणि तिचा नवरा किती आळशी आहे, ते सगळ्यांना सांगत होती.