हॉटेलात न उतरणारा माणूस

ओमानच्या नकाशावर फुकट पाठ टेकण्याजोगी जेवढी ठिकाणं आहेत, त्या सगळ्या ठिकाणी आमचा मस्कतच्या दार्सैत भागातला मित्र एकदा तरी झोपून आलेला आहे, आणि जिथे तो झोपलेला नाही तिथे बहुधा भाडं पडत असावं. मूळचा गुहागरकडचा हा माणूस मस्कतच्या एका बांधकाम कंपनीत होता. इमारतीला सिमेंट किती लागेल, सळया किती लागतील, हे काढून देणं त्याचं काम. नोकरीत तो कंपनीचं सिमेंट वाचवायचा आणि सुट्टीत स्वतःचं सगळंच. त्याला कंजूष मात्र कुणी म्हणू नये. गणपतीत त्याच्या दोन खोल्यांत शेजारचं अर्धं रुवी जेवून जायचं आणि आग्रह इतका, की माणसं जिना उतरताना कठड्याला धरून उतरायची. त्याचा राग होता तो फक्त प्रवासातल्या खर्चावर. "हॉटेल म्हणजे काय रे," तो म्हणायचा, "परक्याच्या चादरीवर झोपायचं आणि सकाळी वर आपणच थँक्यू म्हणायचं."

त्यामुळे त्याच्याबरोबर प्रवासाला निघणं म्हणजे त्याच्या ओळखींच्या जाळ्यातून लोंबकळत जाणं असे. इब्रीला त्याच्या मावसभावाच्या वर्गमित्राचं गाद्यांचं दुकान होतं. तिथे आम्ही एकदा मुक्काम केला, तो दुकानाच्या दर्शनी भागात, विक्रीला मांडलेल्या डबल बेडवर. प्लॅस्टिक काढायची परवानगी नव्हती, त्यामुळे कूस बदलली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. सकाळी शटर वर गेलं तेव्हा समोर एक गिऱ्हाईक सहकुटुंब उभं होतं. मी उशीत तोंड लपवलं. हा मात्र उठून बसला आणि पाठीला किती आराम पडला ते त्या कुटुंबाला हिंदीत सांगू लागला. गादी विकली गेली. दुकानदाराने आम्हाला वर चहा पाजला आणि मित्राने माझ्याकडे असं पाहिलं, जणू अर्थशास्त्राचा एखादा सिद्धांत त्याने नुकताच माझ्यासमोर सिद्ध करून दाखवला होता.

खाण्याची सोय त्याच्या विजेच्या किटलीत असे. त्या किटलीत तो अंडी उकडायचा, उपमा करायचा, मुगाची खिचडी शिजवायचा आणि शेवटी, तत्त्व म्हणून, चहाही करायचा. त्या चहाला हिंगाचा वास येई. तक्रार केली तर म्हणे, पोटाला बरा असतो. गाडीचा एसी चढावर बंद, कारण इंजिनाला धाप लागते. उतारावर बंद, कारण वारा असतोच. आणि सपाटीवर बंद, कारण आता थोडंच राहिलंय. ओमानच्या उन्हात त्याच्या शेजारी बसून मी जेवढा घाम गाळला तेवढा गावी शेती केली असती तर गाळला नसता.

तर झालं असं, की एका वर्षी माझ्या इमारतीतली तीन कुटुंबं जपानला फुलं बघून आली. मग एका संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाच्या घरी मोठ्या टीव्हीवर फोटो बघण्याचा कार्यक्रम झाला. झाडाखाली वहिनी, झाडाखाली भाऊजी, झाडाखाली दोघंही. माझा मित्र चकल्या खात शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, फुलं छान आहेत, पण त्यासाठी एवढ्या लांब कशाला, आपल्या जबल अखदरवर या दिवसांत गुलाबांची शेतं फुलतात. यावर मंडळी मनमुराद हसली. ओमानात वसंत, ही कल्पनाच त्यांना विनोदी वाटली. कुणीतरी विचारलं, तू पाहिलीस का रे ती शेतं? आणि तेव्हा कळलं, की याने स्वतःही ती पाहिलेली नव्हती. त्या डोंगरावर मोठी फोर-व्हीलच लागते आणि ती त्याच्याकडे कधी नव्हती. तोही त्यांच्याबरोबर हसला खरा, पण पुढच्या शुक्रवारी सकाळी पाठीला पिशवी लावून माझ्या दारात उभा. "यल्ला," म्हणाला, "चल."

डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे. तिथल्या तरुण पोलिसाने आमच्या छोट्या गाडीकडे फार दयेने पाहिलं आणि वर सोडायला नकार दिला. मित्राला हे अपेक्षित होतंच. त्याने गाडी खजुराच्या सावलीत लावली आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर जाऊन बसला, एसटीची वाट बघावी तसा. थोड्या वेळाने एक म्हातारा ओमानी पिकअप घेऊन आला. मागे चाऱ्याच्या पेंढ्या आणि एक बकरी. गुडघे दुखतात म्हणून मित्र पुढे बसला आणि मी बकरीजवळ. काचेच्या फटीतून मला पुढचं बोलणं ऐकू येत होतं. किधर जाता, हॉटेल किधर, असं म्हाताऱ्याने आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं. मित्राने अभिमानाने सांगितलं, हॉटेल नहीं. म्हाताऱ्याने दोन वळणं घेतली. मग म्हणाला, "तो फिर मेरा घर." मित्राने वळून काचेतून माझ्याकडे पाहिलं. तो विजय मी बकरीबरोबर साजरा केला.

घर डोंगराच्या कडेला होतं. खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांतून पाटाचं पाणी खळखळत चाललेलं. आम्हाला गालिच्यावर बसवलं, खजूर आले, कडू कॉफी आली, मग परातभर भात आणि मटण. त्याआधीच मित्राने सवयीने किटली बाहेर काढली होती. म्हाताऱ्याने ती त्याच्या हातातून अलगद घेतली आणि खिडकीत ठेवून दिली. इथे माझ्या मित्राचं काहीतरी बिनसलं. आजवर त्याने जिथे जिथे पाठ टेकली, तिथे समोरच्याचाही काही ना काही फायदा झाला होता. गादीवाल्याची गादी खपली होती. या म्हाताऱ्याला आमच्याकडून काहीच नको होतं. मित्राने भांडी घासू का विचारलं, चारा उतरवू का विचारलं. म्हातारा प्रत्येक वेळी त्याला हाताला धरून परत गालिच्यावर बसवायचा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला फुकट महाग पडत होतं.

सकाळी ऊन वर यायच्या आत गुलाब खुडायचे असतात. मी उठून बाहेर आलो, तर मित्र कमरेला फडकं बांधून म्हाताऱ्याच्या मुलांबरोबर शेतात उतरलेला. आधी तो देठासकट तोडत होता. त्यांनी दाखवलं, तेव्हा जमायला लागलं. फिकट गुलाबी फुलं, हवेत इतका गारवा की बोलताना तोंडातून वाफ येत होती. ओच्यात फुलं घेऊन तो माझ्याशेजारी बांधावर येऊन बसला.

"कंपनीने कागद दिलाय," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात नोकरी खलास."

वहिनींना सांगितलंस का, मी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं तो हा डोंगर एकदा बघू म्हणत आला होता. मुलीचं शिक्षण होऊ दे, गावचं घर होऊ दे, मोठी गाडी घेऊ, मग. "जपानवाले हसले नसते ना," तो म्हणाला, "तर बघायचा राहूनच गेला असता." मी एवढंच म्हणालो, की घरी जाऊन सांगण्यापेक्षा इथून सांग, इथून सोपं जाईल.

तो फोन घेऊन पाटाच्या कडेने लांब गेला. मला फक्त त्याची पाठ दिसत होती. बराच वेळ तो ऐकतच होता, आणि ऐकता ऐकता एका हाताने फुलं खुडून ओच्यात टाकत होता. परत आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या.

"म्हणाली, बरं झालं, खूप झालं आता. गावी चला." मग नाक पुसून म्हणाला, "आणि येताना गुलाबपाणी आणा म्हणाली. पण विकतचं नको."

निघताना त्याने म्हाताऱ्याला पैसे द्यायचा प्रयत्न केला. पाकीट उघडणारा माझा मित्र मी प्रवासात प्रथमच पाहत होतो. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला, तेव्हा त्याने घाईघाईने ते मिटलं. म्हाताऱ्याने विचारलं, फिर कब आएगा. एरवी कुणालाही पुढच्या महिन्याचा वायदा देणारा हा माणूस खाली बुटांकडे बघत "इन्शाल्ला" म्हणाला. परतीच्या वाटेवर त्याने गाडीतला एसी मस्कतपर्यंत चालू ठेवला.

आता तो गुहागरला असतो. गेल्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो तेव्हा ओटीवर दोन सायकलवाले पोरगे आणि पाण्याचे फिल्टर विकणारा एक माणूस जेवत बसले होते. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, रस्त्यावर कुणी पत्ता विचारला तरी हे त्याला पानावर आणून बसवतात. मी एक दिवसासाठी गेलो होतो, चार दिवस राहिलो. संध्याकाळी आम्ही नारळी-सुपारीच्या आगरात बसायचो. तो सुपाऱ्या सोलत असे आणि मस्कतचा विषय तो काढत नसे, मीही काढत नसे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्याने सुपारीवरून नजर न उचलता विचारलं, "आमच्या खोल्यांत आता कोण राहतं रे?"

केरळचं एक कुटुंब आहे, मी ऐकलेलं सांगितलं.

"गॅलरीत मी निळी दोरी बांधली होती, कपड्यांना. चांगली होती. काढली का त्यांनी?"

त्या गल्लीत मी तो गेल्यापासून पाऊल टाकलेलं नव्हतं. आहे, मी म्हणालो, तशीच आहे, इकडे येण्याआधीच पाहिली, त्यांचे कपडे वाळत होते तिच्यावर.

"मग ठीक," तो म्हणाला, आणि पुढची सुपारी हातात घेतली.