घाटेअळीचं प्रोटीन आणि आमचे सर

कॉलेज अर्ध्यात सोडलं की डिग्री मिळत नाही, किस्से मात्र पूर्ण मिळतात. मी एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडली. वर्षभर खपून बनवलेल्या माझ्या मॉडेलवर सरांनी फक्त स्वतःचं नाव टाकून पोस्टर लावलं, मी त्यांना चार शब्द सुनावले आणि घरी आलो. आता कामरगावात सीसीटीव्ही बसवतो. तरी कारंज्याच्या लॅबचे किस्से वाढतच आहेत, कारण तिथला म्हातारा कॉम्प्युटर अडला की सुषमाताई मलाच फोन करते.

सुषमाताई रिठदची. सरांकडे पीएचडी, सहावं वर्ष. कॉलेजात कॉन्ट्रॅक्टवर शिकवायची, आणि या उन्हाळ्यात पीएचडी हातात नसली तर कॉन्ट्रॅक्ट संपलं, असं तिला लेखी आलेलं.

तिचा विषय हरभऱ्यावरची घाटेअळी. फवारा मारूनही ही अळी मरत नाही, कारण तिच्या पोटातलं एक प्रोटीन औषधच तोडून टाकतं. त्या प्रोटीनचा आकार कोणी पाहिलेला नाही. मग ज्याचा आकार माहीत आहे असा त्याचा नातेवाईक शोधायचा, त्याला साचा मानायचं आणि त्यावरून कॉम्प्युटरवर आपलं मॉडेल उभं करायचं. याला होमोलॉजी मॉडेलिंग म्हणतात. यातलं काहीही न कळता विभागप्रमुख होता येतं, हे सरांनी सिद्ध केलं आहे.

* * *

सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला माशीचं प्रोटीन. सरांना ते आवडलं नाही. पाहुण्यांपुढं माशी काय दाखवायची, माणसाचं प्रोटीन घ्या म्हणाले. ताईनं समजावलं की माणूस या अळीला फार लांबचा पडतो, माशी जवळची.

सर म्हणाले, "नातेवाईक तर सगळेच असतात. पत्रिकेत कोणाचं नाव टाकायचं ते आपण ठरवत असतो."

* * *

ताईच्या पहिल्या मॉडेलला एक लांब शेपटी होती. प्रोटीन तयार होताना त्याच्या सुरुवातीचा एक तुकडा कापला जातो. तो काढायचा ताई विसरली. साच्यात तसं काही नव्हतंच, म्हणून सॉफ्टवेअरनं तो हवेत लोंबकळत सोडला. चूक ताईला संध्याकाळी दिसली. पण सरांनी मॉडेल सकाळीच पाहिलं होतं आणि दुपारी वाशिमच्या सेमिनारमध्ये तीन स्लाइड दाखवल्या होत्या. अळी या शेपटीनं औषध ओढून घेते म्हणे!

तिथं एकानं हळूच विचारलं, ही शेपटी खरी आहे की कापायची राहिली?

सर म्हणाले, "हा पुढच्या संशोधनाचा विषय आहे."

शेपटी दुसऱ्या दिवशी कापली. तिचा फोटो विभागाच्या बोर्डावर अजून आहे.

* * *

मॉडेल घासूनपुसून नीट करायचं काम दोन दिवस चालतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी कॉम्प्युटरचा प्लग काढला, तिथं कूलर लावला. काम पुन्हा पहिल्यापासून. ताई रडकुंडीला आली. मी सरांना सरळ विचारलं, काहून काढला?

"स्क्रीन काळीच होती. मले वाटलं, काही करूनच नाही राह्यला तो."

मी त्या टेबलावर एक बिनवायरचा, बंद पडलेला कॅमेरा बसवून दिला. त्या दिवसापासून सर आत येण्याआधी केस विंचरतात.

* * *

आणि मग व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा. मॉडेल धड आहे का हे तपासायला एक प्लॉट काढतात. प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ, तिचा एकेक मणी म्हणजे एकेक ठिपका. त्या मण्यापाशी माळेचं वळण शक्य असलं तर ठिपका रंगीत भागात पडतो, अशक्य असलं तर पांढऱ्यात. ताईचे सगळे ठिपके रंगीत भागात होते. एक सोडून.

आदल्या दिवशी सरांनी तो पाहिला. पेंट उघड, पुसून टाक, म्हणाले. नाहीतर परीक्षकांनी धरलं तर मी तुझा गाइड नाही.

ताईचा फोन आला. "काय करू रे? एका ठिपक्यापायी नोकरी घालवू?"

मी जीप पकडून कारंजा गाठलं. घासपूस न करता मॉडेल तीनदा नव्यानं उभं केलं. तिन्ही वेळा ठिपका तिथंच. शेवटी वैतागून म्हटलं, त्या माशीचाच प्लॉट काढ. तिच्या प्रोटीनचा आकार तर प्रयोगशाळेत पाहिलेला आहे.

माशीतही तोच मणी, त्याच जागी, पांढऱ्यात. ताई खुर्चीत मागं रेलली आणि कितीतरी दिवसांनी हसली. आम्ही दोन्ही कागद छापले.

व्हायवाला बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हा एक बाहेर काय करतोय?"

सर पंख्याकडे पाहू लागले.

"काम करतोय, मॅडम," ताई म्हणाली आणि माशीचा कागद पुढं केला. "औषध तोडणारा मणी हाच. माशीतही तो असाच ताणून बसलेला आहे."

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "यंदा मी पाहिलेले सगळे प्लॉट एकदम स्वच्छ होते. मला वाटायला लागलं होतं, इकडं कोणाचं काही चुकतच नाही." आणि पेनाचं टोपण काढलं.

मी दाराशी उभा होतो, तो आत आलो.

सर पेढ्याचा डबा घेऊन मॅडमकडे वळले. "मी पहिल्या दिवसापासून हिला सांगत होतो, काहीही होवो, तो ठिपका पुसायचा नाही."

मी तोंड उघडलं. ताईनं त्यात अख्खा पेढा कोंबला.

"खाय गपचूप," ती म्हणाली. "सही वाळू दे आधी."