गयाअक्का आणि आमचा स्लॅब

आमच्या स्वतःच्या घरात सगळ्यात आधी झोपली ती आमची घरमालकीण. आम्ही दारात उभे होतो, स्लॅब तिच्या अंगावर येतो की काय ते बघत.

गयाअक्का काल गेली.

वडवणीत बाजारतळामागं तिच्या खोल्या होत्या. त्यातल्या एकीत मी दहावीपर्यंत वाढले. भिंतीला खिळा ठोकायचा तरी अक्काला विचारावं लागायचं.
पाण्याचं तर बोलूच नका. बोअरच्या मोटारीची पेटी कुलपात, किल्ली कमरेला. दुष्काळात ती स्वतः उभी राहून हंडे भरून द्यायची. कुणी एक तांब्या जास्त मागितला तर अशी बघायची की मागणारा मुकाट्यानं हंडा उचलायचा.

पप्पा दूध संघात होते. तिथल्या लोकांनी मिळून हाउसिंग सोसायटी काढली आणि आम्हाला प्लॉट मिळाला. अट अशी की मुदतीत घर बांधा, नाहीतर प्लॉट सोसायटीला परत.

मुदत संपत आली ती नेमकी दुष्काळात.

कसाबसा स्लॅब टाकला. नव्या स्लॅबवर पाणी साठवून ठेवावं लागतं, नाहीतर तो कच्चा राहतो. आमचा टँकर थोडे दिवस आला आणि मग प्यायच्या पाण्यासाठी गावोगाव पळायला लागला.

पप्पा अक्काकडे गेले. मी सोबत होते.

"भाऊ, चार बिऱ्हाडं हायेत ह्या बोअरवर. माणसाच्या तोंडचं काढून सिमेंटला कसं पाजू?"

पप्पा परत आले. मम्मी म्हणाली, भाडेकरू चाललाय म्हणून पोटात दुखतंय तिच्या. मलाही तसंच वाटलं.

आम्ही ओली पोती टाकली. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी बादलीनं नेऊन ओतलं. ऊन ते बघता बघता पिऊन टाकायचं.

स्लॅबखालचं सेंट्रिंग काढलं तेव्हा हॉलच्या मधोमध एक बारीक चीर दिसली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मिस्त्री वर बघत म्हणाला, "ऱ्हाईल बी साहेब. पर मी जिम्मेदार न्हाई."

पप्पा त्या हॉलमधून जाताना मान खाली घालून भराभर चालायचे, पावसात पळतात तसे. आमची जुनी खोली अक्कानं दुसऱ्या बिऱ्हाडाला कबूल केली होती. मागं जायला जागा नव्हती आणि पुढं जायची हिंमत नव्हती.

वास्तुशांतीला पप्पांनी पूजा इतकी घाईत उरकायला लावली की गुरुजी चिडले. पंगत बाहेर मांडवात. कुणी आत बसायला निघालं की पप्पा म्हणायचे, आत लई उकडतंय.

अक्का जेवली, हात धुतला आणि तिची नजर सिमेंट ठेवायच्या पत्र्याच्या शेडकडे गेली. तिथं आमच्या गाद्या होत्या.

"आंथरुणं भायेर कावून?"

पप्पांनी हळू आवाजात चिरेचं सांगितलं. अक्का सरळ शेडकडे गेली. एक गोधडी उचलली, हॉलमध्ये गेली आणि बरोबर त्या चिरेखाली अंथरली.

पप्पा म्हणाले, "अक्का, नका."

"कावून भेता भाऊ? घर नवं हाय, आधी जुन्या मालकिणीला झोपू द्या."

पदराची उशी केली आणि आडवी झाली. थोड्या वेळानं चक्क घोरायला लागली.

आम्ही दारात.
मी त्या चिरेवरून नजर काढत नव्हते. वाटायचं, मी दुसरीकडे बघितलं की ती रुंद होईल. बाहेर मांडववाला पातेली आपटत होता आणि प्रत्येक आवाजाला मम्मीची बोटं माझ्या दंडात रुतत होती. पप्पांनी एक पाय आत टाकला, परत बाहेर घेतला. आपला बाप इतका घाबरतो हे मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

उन्हं उतरल्यावर अक्का उठून बसली.

"च्या करा की आता. का त्यो बी भायेरच?"

मम्मीनं गॅस उचलून आत नेला. त्या दिवसापासून आम्ही घरात राहायला लागलो.
पप्पांची खाट मात्र दाराला लागून. चपला उशाशी. पुढं किती पावसाळे आले, स्लॅबला काही झालं नाही. खाट तिथंच राहिली.

गेल्या दिवाळीत अक्काला भेटायला गेले होते. मी तिची चेष्टा केली, काय घोरत होतीस ग त्या दिवशी.

आधी हसली. मग म्हणाली, "झोप कुठली? सोंग व्हतं त्ये. वर बगायचं धाडस न्हवतं, म्हून डोळे मिटलते. लई भ्या वाटलतं."

"मग झोपलीस कशाला?"

"पाणी म्या न्हाई दिलतं. पडला आसता तर आधी माज्यावरच पडाया पायजे व्हता."

मी तिच्या हातावर हात ठेवून बसून राहिले.

काल तिला पोचवून आलो. आंघोळी झाल्या. पप्पा खाटेकडे गेलेच नाहीत. हॉलच्या मधोमध चटई टाकली आणि चिरेखाली उताणे पडले, डोळे उघडे ठेवून.

मम्मीनं विचारलं, इथं का?

"अक्का इथंच झोपलती," एवढंच म्हणाले.

मम्मी त्यांच्या शेजारी बसली. मग मीही बसले.

अक्का, स्लॅब शाबूत आहे. आता तू निर्धास्त झोप.

तुझ्या जुन्या भाडेकरूंची तुला मनापासून श्रद्धांजली.