सर्दीवाल्यांनी ओसरीवर बसावे

दिवाळी झाली की आमच्या गोंदियाकडे गावोगावी मंडई भरते. दुपारी दंडार हे आमच्याकडचं लोकनाट्य रंगतं, दुकानं लागतात, आकाशपाळणा येतो आणि घरोघरी पाहुणे. मंडईला पाहुणा आला नाही तर घरच्यांचं तोंड उतरतं. त्या पाहुण्यांसोबत सर्दीही येते. त्यांची ती नाकातच आटोपते. माझ्या लेकीच्या मात्र थेट छातीत जाऊन बसते. मागची दोन्ही वर्षं ऐन मंडईत ती दवाखान्यात होती, तोंडावर नेब्युलायझरचा मास्क लावून.

माझ्या थोरल्या नणंदबाई दरवेळी शिंगाड्यांना दोष देत. "थंडी चीज कायले खाऊ देतेस पोरीले?" बिचारे शिंगाडे! डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. दमा असलेल्या मुलांच्या श्वासनळ्या आधीच हळव्या. त्यात साध्या सर्दीचा विषाणू शिरला तरी त्या सुजतात, आवळतात. दम्याचा पंप रोज द्या आणि शिंकणाऱ्यांपासून लांब ठेवा. पंप आम्ही नेमाने देत होतो. पण शिंकणाऱ्यांचं काय करायचं? आमच्याकडे माणसं चपला काढायच्या आधी पोरीचे मुके घेतात.

यंदा लेकीला आकाशपाळण्यात बसायचंच होतं. दसऱ्यापासून तोच जप. मग मीच कंबर कसली आणि सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. या, पोटभर जेवा, पण सर्दी असेल त्याने ओसरीवरच बसायचं, पोरीजवळ जायचं नाही. नणंदबाई भडकल्या. "सर्दीपायी कोणी पाव्हण्याले बाहेर बसवते का? मी येऊनच नाही राहिली." नवरा कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, रुसू द्या. त्यांची समजूत काढता येईल, पोरीच्या छातीची नाही काढता येत.

मंडईच्या आदल्या दिवशी पीठ मळायला बसले आणि मला शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. लेक दारात उभी होती. तिने गंभीर चेहऱ्याने बाहेर बोट दाखवलं.

"आई, ओसरीवर."

गेले. कायदा माझाच होता. मास्क बांधला, ताट-तांब्या वेगळा घेतला आणि खाटेवर बसून स्वतःच्याच नाकाला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी नणंदबाई आल्याच. रुसव्यापायी मंडई चुकवणं त्यांना जमलं नसावं. मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "घे, तूच बसली ना बाहेर!" मग तोच पदर खोचून स्वयंपाकघरात शिरल्या. जेवणं उरकल्यावर भाचीचा पंप आपल्या पिशवीत टाकला आणि तिचा हात धरून मंडईला निघाल्या. पंपाची सवय लागते, असं इतकी वर्षं मला ऐकवणाऱ्या त्याच या.

माझा जीव मात्र टांगणीला. माझी सर्दी आधीच तिला लागली असेल तर? गर्दी, धूळ, पाळणा. मोबाइल वाजला की पहिल्या रिंगलाच उचलत होते.

दिवस कलताना गल्लीच्या टोकाकडून पिपाणीचा कर्कश आवाज आला. तो थांबेचना. माझी लेक अंगणात आली, माझ्यापासून चांगली लांब उभी राहिली, पाळणा खाली येताना पोटात कशा गुदगुल्या होतात ते ओरडून सांगितलं आणि पुन्हा पिपाणी फुंकली. गाल फुगवून, न खोकता, लांबलचक. मागे नणंदबाई कानांवर हात ठेवून उभ्या होत्या.

"माय वो, डोकं उठवलं पोरीनं. सांग ना तिले थांबायले."

एरवी मी ती पिपाणी केव्हाच फडताळावर टाकली असती. मी मास्क नीट केला आणि लेकीला म्हटलं, अजून वाजव.