मोटाभाईंच्या घरून

मोटाभाईंच्या घरात बाई नव्हती, आणि रोज तिन्हीसांजेला त्यांच्या घरातून बाईचा आवाज यायचा. आमची आणि त्यांची भिंत एकच. वाशीतल्या त्या नव्या इमारतींच्या भिंती त्या काय! पलीकडे कोणी शिंकलं तर इकडून 'शतंजीव' म्हणावं. मी देवापाशी दिवा लावायला वळले की पलीकडे सुरू व्हायचं. खर्जातला, जरासा दटावणीचा, गुजराती बायकी आवाज. एकच वाक्य तीन-चारदा. मग शांतता. मग पुन्हा तेच वाक्य, एखादा शब्द बदलून.

खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंनी निकाल देऊनच टाकला होता. "विधुर माणूस, अगं. एक तर बाई ठेवलीय, नाहीतर मेलेली बायको येते. काही असलं तरी आपण लांब राहावं." लांब राहणं माझ्या रक्तात नाही. चैत्रात कैरीची डाळ केली आणि वाटी घेऊन बरोबर त्या वेळेला त्यांची बेल वाजवली. दार उघडलं. टेबलावर कागद, पेन, विझलेली उदबत्ती. माणूस एकटा. मी सरळ विचारलं, "कोण बोलत होतं?" तर शांतपणे म्हणतात, "माज्या घरून." वाटी हातातून पडायचीच बाकी राहिली!

गुजराती पुरुष बायकोला 'घेरथी', म्हणजे 'घरून' म्हणतात हे मला मग त्यांनीच सांगितलं. मोटाभाई तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते आणि गुजरातीत गोष्टी लिहायचे. बायको काठियावाडातल्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. लिहिलेली प्रत्येक ओळ ते तिला वाचून दाखवत, आणि ती भाकरी थापता थापता म्हणे, "इम नो बोलाय." असं नाही बोलत कोणी. झालं, ओळ बाद! वाशीचा ब्लॉक दोघांच्या नावानं घेतला, पण किल्ली हातात यायच्या आत ती गेली. हे घर तिनं पाहिलंच नाही. त्यानंतर त्यांना बरेच दिवस काही लिहिता येईना. मग एका संध्याकाळी त्यांनी वाक्य तिच्या आवाजात म्हणून पाहिलं. "तिच्या तोंडात बसलं तर लिहायचं. नाय बसलं तर नाय." एवढं सांगून ते डाळ खाऊ लागले आणि मीठ थोडं कमी आहे म्हणाले.

मराठी त्यांची अशी की हसावं की कपाळाला हात लावावा. गुजरातीत 'नवरी' म्हणजे मोकळी, रिकामी असलेली. जिन्यात चार लोकांसमोर विचारायचे, "बेन, नवरी आहे का?" मी म्हणायची, "आता कसली नवरी, मोटाभाई! दोन पोरांची आई झाले." ते पोटभर हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चिडलेलं मात्र मी त्यांना एकदाच पाहिलं. गावातली भाजीवाली दारात बसली होती. "ताजी हाय, पानी मारलंय," म्हणाली. मी शहाणीनं म्हटलं, "पानी नाही गं, पाणी." ती टोपली उचलून गेल्यावर आपल्या दारात उभे असलेले मोटाभाई मला म्हणाले, "बेन, कोणाच्या तोंडाला हात लावू नका. माणूस जातो तेव्हा तेच राहते." त्या दिवशी जिन्यातही बोलले नाहीत माझ्याशी.

भिंतीतून ऐकून ऐकून त्यांच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य मला पाठ झालं होतं. 'हांज पडी, हवे घेर हालो.' संध्याकाळ झाली, आता घरी चला. शिकलेले गुजराती सांज म्हणतात, चालो म्हणतात. ती हांज म्हणायची, हालो म्हणायची. सगळं पुस्तकच तिच्या बोलीत. आणि त्या पुस्तकाला दिल्लीचा पुरस्कार मिळाला! देशातल्या एकेका भाषेत वर्षाला एकाच पुस्तकाला मिळणारा तो मोठा मान, त्या वर्षी गुजरातीत आमच्या शेजाऱ्याला. तार आली आणि आख्खी सोसायटी जिन्यात गोळा झाली. कुलकर्णीकाकू पेढे घेऊन सगळ्यांच्या पुढे. मोटाभाई लाजून चूर. "माज्या घरूनला मिळाला," एवढंच म्हणत होते.

दिल्लीहून परत आले ते निराळेच. खांद्यावर शाल होती, पण तोंड उतरलेलं. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढेही नाही. शेवटी मीच जाऊन विचारलं. म्हणाले, "तिकडे पुस्तकातलं वाचायला सांगितलं, बेन. समोर मोठे मोठे पंडित. आणि मी वाचलं, सांज पडी, हवे घेर चालो." खुर्चीवरची शाल त्यांनी बाजूला सारली. "कोणी सांगितलं नव्हतं. माज्याच जिभेनं केलं. मला तिची लाज वाटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"रुसली असेल, येईल," मी म्हटलं.

"रुसली तर भांडते ती. आता मला तिचा आवाजच आठवत नाय."

लिहिणं गेलंच, पण त्याहून वाईट म्हणजे माणूस दिवा न लावता बसून राहायचा. दार उघडं असलं की दिसायचं. ओठ हलायचे, आवाज फुटायचा तो त्यांचा स्वतःचा, जाडाभरडा, आणि ते मान खाली घालायचे.

अशाच एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले. "बेन, नवरी आहे?" मी थट्टा करणार, तेवढ्यात त्यांचा चेहरा पाहिला आणि जीभ आवरली. "तुमी तिला रोज ऐकलंय," ते म्हणाले. "एकदा बोला."

"अहो मोटाभाई, मी कुठे तिला ऐकलंय? मी ऐकलं ते तुम्हाला!"

"तेच. आता ती तुमच्याकडेच आहे."

मी ते पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. अगदी मराठी वळणाचं निघालं. त्यांनी मान हलवली, "इम नो बोलाय." मग मला काय वाटलं कोण जाणे, मी गॅलरीत गेले. माझी पोरं खाली खेळत होती. त्यांना रोज जशी हाक मारायची तशीच, कठड्यावरून वाकून, मी ओरडले, "हांज पडी, हवे घेर हालो!"

तो आवाज माझा नव्हता. देवाशपथ नव्हता. खर्जातला, दटावणीचा, माझ्याच घशातून आलेला आणि माझ्याच अंगावर काटा आणणारा. मागे वळून बघते तर मोटाभाईंचा चेहरा उजळून गेलेला. ते माझ्याकडे बघत नव्हतेच.

"आवुं छुं," ते म्हणाले. येतो. आणि चपला घालून आपल्या घरी गेले.

त्या संध्याकाळी भिंत पुन्हा बोलू लागली. मला इतका आनंद झाला की ह्यांना जेवताना चारदा सांगितलं, मोटाभाईंची गाडी रुळावर आली बरं का.

सकाळी त्यांच्या दाराबाहेर दुधाची बाटली तशीच होती. उन्हं चढली तरी तशीच. शेवटी दार फोडलं. खुर्चीत बसल्या जागी गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कुलकर्णीकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "पुरस्कार मिळाला, जन्माचं सोनं झालं, आता कशाला थांबेल माणूस?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्यांना त्यांची बायको परत दिली, की तिनं माझं तोंड वापरून त्यांना नेलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

पोरं मोठी होईपर्यंत मी मात्र तिन्हीसांजेला गॅलरीतून कधी हाक मारली नाही. जिने उतरून खाली जायची, आणि त्यांना हाताला धरून वर आणायची.