बंद लूमचा आकडा

फोन आला तेव्हा मी काल्हेरला ट्रकांच्या रांगेत रिक्षात अडकले होते. ठाण्याच्या हॉस्पिटलात दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एकच गोष्ट सांगायला निघाले होते : दादा, तुम्ही चोरून खात नव्हतात, चूक माझी झाली. नवऱ्याने फोनवर "कुठवर आलीस?" एवढंच विचारलं आणि मग म्हणाला, "दादा गेले." सांगायचं राहून गेलं. त्याला दोन महिने होत आले.

दादा मूळचे कोन गावचे, शेतकरी घरातले. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामाला भिवंडीत आले, टेमघरला घर केलं, आणि कारखान्यात मुकादम होऊन निवृत्त झाले. माणूस महासंशयी. दूधवाल्याचं माप, विजेचा मीटर, टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई, कशावर म्हणून विश्वास नाही. मधुमेह निघाला आणि रक्तातली साखर मोजायचं यंत्र घरात आलं, त्या दिवशी त्यांनी लागोपाठ दोन बोटं टोचली. एकाचे १६२ आले, दुसऱ्याचे १७०. "लबाड हाय ह्यो," म्हणाले. मीही काही कमी नव्हते. माझा यंत्रावर विश्वास होता, माणसांवर नव्हता. त्यामुळे आमचं दोघांचं बरं जमायचं.

घोळ केला तो सकाळच्या आकड्याने. झोपताना १३८ आणि सकाळी उपाशीपोटी १९१. रोज असंच. दादांच्या कारखान्यात लूमला मीटर होते, किती कापड निघालं ते दाखवणारे. शिफ्ट सुटताना आकडा वाचायचा, पुढची शिफ्ट लागताना पुन्हा वाचायचा. मधे लूम बंद होती तर आकडा तोच हवा. पुढे सरकला असेल तर कुणीतरी गुपचूप लूम चालवली. ही युक्ती वापरून त्यांनी कितीजणांना पकडलं, ते आम्ही जेवताना शंभरदा ऐकलं होतं. मी तीच त्यांच्यावर उलटवली.

"दादा, बंद लूमचा आकडा पुढे कसा गेला?"

"मी काय खाल्ला न्हाय गो."

"मग मीटर आपोआप सरकला?"

युक्ती त्यांचीच होती. मी गुळाच्या ढेपेवर सुरीने खूण केली, बिस्किटं मोजून ठेवली, त्यांच्या शर्टाचे खिसे हुंगले. काहीच सापडेना, तसा माझा संशय आणखी पक्का झाला. "म्हातारा हुशार आहे," असं मी नवऱ्याला म्हणाले. हे लिहिताना लाज वाटते.

एका सकाळी चहा घेता घेता दादाच म्हणाले, "सैपाकघराला कुलूप लाव पोरी. मी झोपेत उठून खातो का काय, कळंल तरी." मी लावलं. दुसऱ्या सकाळी १९४. मग त्यांनी रात्रीची भाकरी सोडली, साखरेची गोळी मात्र घेत राहिले. सकाळी १८८. मला वाटलं, यांच्याकडे दुसरी किल्ली आहे...

पुढे छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना ठाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मोबाइलमधले आकडे पाहिले. मी तक्रारीच्या सुरात म्हणाले, "रात्री चोरून खातात."

"कशावरून?" त्यांनी विचारलं. "पहाटे यकृत स्वतःच रक्तात साखर सोडतं. मधुमेहात ती आवरत नाही, पोट रिकामं असलं तरी सकाळचा आकडा चढू शकतो. आकडे डॉक्टरला दाखवून औषध बदलून घ्यायचं असतं. गोळी घेऊन उपाशी झोपणं तर धोक्याचं."

दादा तेव्हा औषधाच्या गुंगीत होते. उद्या सांगू, असं मी ठरवलं.

मागच्या आठवड्यात त्यांची खोली आवरायला घेतली. दाराच्या चौकटीला आतून, घोट्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन खिळे होते. एकाला पांढरं सूत लोंबत होतं. मला आधी काही कळेना. मग दारामागचं कॅलेंडर पाहिलं. रोजच्या चौकोनात पेन्सिलने सकाळचा आकडा, आणि खाली बारीक अक्षरात दोन शब्द : सूत शाबूत. झोपण्याआधी ते दारात आडवं सूत बांधत होते आणि उठल्यावर तुटलंय का ते बघत होते. स्वतःवरच पाळत. आम्ही हॉस्पिटलात नेलं त्या सकाळीही लिहिलेलं होतं. १८९, सूत शाबूत.

मी तिथेच जमिनीवर बसून खूप रडले. हे त्यांनी मला का दाखवलं नाही, हा प्रश्न मला पडला नाही. दाखवलं असतं तर मी काय बोलले असते, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत आहे. मी म्हणाले असते, "गाठ सोडून परत बांधता येते, दादा."