टकटकरावांची गिटार

आमच्या ह्यांना बिल्डिंगमध्ये सगळे टकटकराव म्हणतात. ह्यांचा धंदा फरश्या बसवण्याचा. बसवलेली फरशी बोटाच्या पेराने ठोकायची, कान लावायचा आणि "भरीव" नाहीतर "पोकळ" असा निकाल द्यायचा. पोकळ निघाली की उपटायची आणि पुन्हा बसवायची. तीस वर्षांत ती खोड अंगात इतकी मुरली की हे दारं ठोकतात, कलिंगडं ठोकतात. एकदा माझ्या भावाच्या टकलाकडेही बोट निघालं होतं, मी वेळेवर हात धरला म्हणून बरं.

अशा माणसाने बावन्नाव्या वर्षी घरात गिटार आणली. कुणाच्या तरी घरी काम चालू होतं, तिथली मालकीण ती भंगारात टाकायला निघाली होती. हे घेऊन आले आणि नव्या तारा चढवल्या.

"अहो, हे काय नवीन खूळ? शिकवणार कोण तुम्हाला?"

"कान आहेत की दोन."

झालं. रोज संध्याकाळी छळ सुरू. मी लोकांचे कपडे इस्त्री करून देते, माझं टेबल बाहेरच्या खोलीत. हे समोर स्टूल टाकून बसायचे आणि बसल्या बसल्या आधी माझा रेडिओ बंद करायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग एक तार छेडायची, डोळे मिटायचे. "पोकळ." बोट तारेवर एक घर पुढे. "पोकळ." आणखी एक पुढे. "हां! भरीव!" एका ओळीला पंधरा पंधरा दिवस. त्या नादात माझ्या हातून एका वकिलाच्या शर्टाची कॉलर जळाली.

पण चार महिन्यांनी एक जुनं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. मी इस्त्री उभी करून ऐकत राहिले. खरं सांगते, डोळे भरून आले होते. तोंडाने मात्र मी एवढंच म्हटलं, "बरं आहे."

गाण्यातलं मी बोलूच नये. शाळेत समूहगीताच्या वेळी बाई मला म्हणाल्या होत्या, "तू नुसते ओठ हलव." सगळा वर्ग हसला. त्यानंतर चारचौघांत मी कधी तोंड उघडलं नाही. इस्त्री करताना चुकून काही गुणगुणत असेन, तेवढंच.

तर ह्यांनी काय करावं? मला न विचारता बिल्डिंगच्या स्नेहसंमेलनात स्वतःचं नाव दिलं! तळमजल्यावर गिटारचा क्लास चालवणारे सर एकदा ऐकायला आले. ऐकून म्हणाले, "काका, हात छान आहे. पण पट्टी चुकली. मूळ गाणं बरंच वरच्या पट्टीत आहे. त्या दिवशी मी मागे स्पीकरवर रेकॉर्ड लावणार, तेव्हा तारा वर चढवा."

ह्यांनी चढवल्या. मग स्टुलावर बसून तासभर "पोकळ, पोकळ" करत राहिले आणि शेवटी पुन्हा होत्या तशा उतरवून ठेवल्या.

"अहो, सर शिकलेले आहेत. ऐका जरा त्यांचं. तुमचं हसं झालेलं मला बघवायचं नाही."

"मी ऐकलं तेच वाजवणार," हे म्हणाले. हट्टी म्हणजे किती हट्टी!

रविवारी सकाळी हॉल गच्च भरलेला. माझा जीव टांगणीला. सरांनी रेकॉर्ड लावली, ह्यांनी सुरुवात केली, आणि व्हायचं तेच झालं. स्पीकर एकीकडे, गिटार दुसरीकडे. मागून कुणीतरी खिदळलं. सेक्रेटरी उठून म्हणाले, "असू द्या काका, बसा आता." ते खिदळणं माझ्या ओळखीचं होतं, शाळेत माझ्यावर वर्ग हसला होता ना, अगदी तस्संच. असा संताप आला मला!

हे जागचे हलले नाहीत. "रेकॉर्ड बंद करा," म्हणाले आणि एकटेच पहिल्यापासून वाजवू लागले.

दुसऱ्याच ओळीला माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हा सूर माझ्या गळ्याला पाठ होता. इस्त्री करताना मी हे गाणं म्हणते, ते ह्याच पट्टीत. ना वर, ना खाली. मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही. तिसऱ्या रांगेतून मी गायला लागले, चांगल्या खड्या आवाजात, आणि दोन्ही कडवी म्हटली. ओठ नुसते हलवायला आता कोण सांगतं, बघू!

संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. सर खुर्चीवरून उठून आले. "काका, हे तुम्ही बसवलं कशावरून?"

"हिच्यावरून. रोज म्हणते ना. रेडिओ मधेच लुडबुडायचा, म्हणून बंद करायचो."

आणि एवढ्या लोकांसमोर ह्यांनी माझ्या खांद्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "भरीव."

"अहो, लोक बघतायत!" मी म्हटलं. मग पदराने तोंड पुसलं आणि सेक्रेटरींना विचारलं, "दुसरं गाणं आत्ताच म्हणू, की चहानंतर?"